उतरती वजनं

"डोळे मिटा, बाबा. अंगठा वर जातोय की खाली, तेवढं सांगायचं."

मी पलंगाच्या कडेवर पाय लांब करून बसलो होतो. सूनबाईनं माझ्या उजव्या पायाचा अंगठा चिमटीत धरून हलवला.

"वर," मी म्हणालो.

पुन्हा हलवला. "खाली." पुन्हा हलवला. "वर."

"शाब्बास," ती म्हणाली, आणि मांडीवरच्या वहीत तीन बरोबरच्या खुणा केल्या.

शाब्बासकी मिळाली की या वयातही मला बरं वाटतं. चाळीस वर्षं मी वजनकाटे दुरुस्त केले, आणि त्या धंद्यात शाब्बासकी कोणी देत नाही. काटा बिघडला की दुकानदार शिव्या घालणार, आणि नीट झाला की म्हणणार, एवढ्याशा कामाला दोन दिवस लावलेत? काम सोडून घरी बसलो तेव्हा मात्र रोज दुपारी चार वाजता शाब्बासक्या सुरू झाल्या, आणि त्याही काही न करता. नुसतं पेशंट व्हायचं. गेले आठ महिने मी आमच्या घरचा कायमचा पेशंट होतो.

सून माझी डॉक्टर आहे. म्हणजे तिच्या माहेरच्या मुलखात रीतसर शिकून झालेली डॉक्टर. लग्न करून इकडे आली आणि इथल्या नियमांनी तिची डिग्री भिंतीवर टांगण्यापुरतीच उरली. इथे डॉक्टरकी करायची तर परवान्याची परीक्षा द्यायची, आणि त्या परीक्षेला बसायचं ते तीनदाच. पहिल्या वेळी ती अकरा गुणांनी गेली, दुसऱ्या वेळी दोन. दोन्ही वेळा मेंदू आणि नसांच्या प्रश्नांनी तिला खाल्लं. आता तिसरी खेप, आणि शेवटची. यात गेली तर ती होती तिथेच राहणार होती, तपासणीच्या लॅबमध्ये, सकाळी साडेसहापासून लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढत. काम वाईट नाही. तिचा हात इतका हलका की लोक दुसरी टेबलं रिकामी सोडून तिच्यापुढे रांग लावतात. पण दुसऱ्यानं लिहिलेल्या चिठ्ठीवरून रक्त काढणं निराळं आणि ती चिठ्ठी आपण लिहिणं निराळं, हे ती बोलली नाही तरी मला दिसत होतं.

आमचे चिरंजीव जहाजावर, इंजिनाच्या खोलीत. चार-चार महिने घराचं तोंड बघत नाहीत. म्हणजे पेशंट तपासण्याचा सराव करायला घरात उरलो मी आणि ही. ही म्हणजे माझी बायको. पहिल्या दिवशी सूनबाईनं हिच्या गुडघ्यावर रबरी हातोडीनं टकटक केली, तर हिनं अशी लाथ झाडली की वही खिडकीपर्यंत गेली. वर म्हणाली, मला नाही जमायचं बाई, मला हसू येतं. तेव्हापासून पेशंटची गादी माझ्या एकट्याची झाली.

मी ती मन लावून चालवली. बोटाच्या मागे डोळे फिरवायचे. दात दाखवायचे, गाल फुगवायचे, जीभ बाहेर काढायची. कापसाचा बोळा लागला की हो म्हणायचं. हे चाललं असताना सूनबाई मला सगळं समजावूनही सांगायची, कारण दुसऱ्याला सांगता आलं की आपल्याला कळलं, असं तिचं म्हणणं. एका जीवनसत्त्वाची गोष्ट तर मला तोंडपाठ झाली होती. आपलं जठर म्हणे एक हमाल तयार करतं. तो हमाल त्या जीवनसत्त्वाला पाठीवर घेऊन लहान आतड्याच्या पार टोकाला जातो, आणि तिथलं दार फक्त हमालाला पाहूनच उघडतं. हमालच नसेल किंवा जीवनसत्त्व त्याच्या पाठीपर्यंत पोचलंच नाही, तर वरून कितीही खा, सगळं बाहेरच्या बाहेर. मग रक्त बिघडतं, आणि पायांची खबर पाठीच्या कण्यातून मेंदूला पोचवणाऱ्या तारा झिजतात. मी ऐकून मान डोलवायचो आणि म्हणायचो, कमाल आहे.

सगळ्यात शेवटी यायचा चिमटा. त्याला ट्यूनिंग फोर्क म्हणतात, पण आमच्या घरात त्याचं नाव चिमटा. दोन दातांचा, स्टीलचा. सूनबाई तो तळहाताच्या कडेवर आपटायची, टण् असा आवाज व्हायचा, आणि मग त्याचा दांडा माझ्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवायची. घुमतंय का, हे मी डोळे मिटून सांगायचं. मी म्हणायचो, "जाणवतंय." ती म्हणायची, "शाब्बास."

आता खरं सांगून टाकतो. मला काहीही जाणवत नव्हतं.

सुरुवातीला जाणवायचं, अगदी पोटरीपर्यंत गुणगुण जायची. मग ती घोट्यापर्यंत राहिली. पुढे एक दिवस असा आला की टण् ऐकू आलं आणि पायाला मात्र कोणी मोज्यावरून हात लावावा तेवढंच कळलं. मी पायात मोजे घातले नव्हते. त्या दिवशी मी जरा थांबलो, आणि मग म्हटलं, जाणवतंय. त्या क्षणी खरं बोललो असतो तर पुढचं सगळं वाचलं असतं. पण ती वहीवर पेन टेकवून बसली होती, परीक्षेला चार महिने उरले होते, आणि मला वाटलं, म्हातारपण आहे, कातडी जाड होत असेल, तिच्या डोक्याला कशाला भुंगा लावा? परीक्षा होऊ दे, मग सांगू.

एकदा थाप मारली की ती निभावावी लागते. मी निभावली, आणि झकास निभावली. अंगठ्याचा क्रम मला पाठ झाला. उजवा पाय वर, खाली, वर. डावा पाय खाली, वर, खाली. तिनं तो आठ महिन्यांत एकदाही बदलला नाही. चिमट्याला टण् आवाज यायचा, म्हणजे उत्तर आयतंच कानावर पडायचं. पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायचं असायचं, तेव्हा मी हळूच मागे सरकून पोटऱ्या पलंगाला टेकवायचो, मग झोक जात नसे. एरवी जायचा. सकाळी तोंड धुताना डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून डोळे मिटले की मी थेट भिंतीवर. हिला सांगितलं, फरशी ओली होती. एकदा तर बाजारातून एकाच चपलेवर घरी आलो. दुसरी वाटेत कुठे गळाली, पायाला पत्ता नाही. ही दारात उभी राहून म्हणाली, "एकच पाय फिरायला गेला होता वाटतं." मी हसलो. दुसरं काय करणार?

परीक्षा सोमवारी होती. त्याच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी सूनबाई पुस्तकं घेऊन आली नाही. मी पलंगावर पाय पसरून वाट बघत बसलो, शेवटी उठून आत गेलो. ती टेबलाशी नुसती बसली होती, समोर लॅपटॉप. तिनं सरावाचा नवा पेपर सोडवला होता, कधी न पाहिलेला. पास व्हायला शंभरात पासष्ट लागतात. तिला अठ्ठावन्न पडले होते.

मला कळेना. तिच्याकडे सरावाचे दोन हजार प्रश्न होते आणि त्यांत तिला नव्वदच्या खाली कधी पडलं नव्हतं. ते प्रश्न रोज मीच तर तिला वाचून दाखवायचो, अडखळत. आणि तेव्हाच माझ्या डोक्यात काहीतरी खटकून गेलं होतं, ते आता आठवलं. "पंचावन्न वर्षांच्या सुताराला..." एवढंच मी वाचलेलं असायचं, आणि सूनबाई म्हणायची, क. सुताराला काय झालंय ते मी अजून वाचलेलंच नसायचं. मला त्यावेळी कौतुक वाटायचं, पोरगी किती हुशार म्हणून. ते दोन हजार प्रश्न तिनं चारदा सोडवले होते. तिला सुतार माहीत झाला होता, त्याचा आजार नाही.

समजूत कशी घालावी ते मला सुचेना. मग धंद्यातलंच काहीतरी बोललो. आमच्या उस्तादांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं ते तिला सांगितलं. काट्यावर चढती वजनं टाकत गेलं, एक किलो, दोन, पाच, दहा, की बहुतेक काटे शहाण्यासारखे वागतात. खोड दिसते ती उतरताना. वजनं एकेक काढत यायचं. दहावरून पाचावर आलं की खोटा काटा पाचावर येत नाही, थोडा वरच अडकतो, त्याला मघाच्या वजनाची आठवण असते. आणि मधूनच सगळं उतरवून रिकामं पारडं बघायचं. काही न ठेवता जो काटा काही दाखवतो, तो पहिला खोलायचा.

"तू चढत्या वजनांवर पास होतेस," मी म्हटलं. "आता उतरती घे."

मग तिनं लॅपटॉप मिटला आणि मला म्हणाली, तुम्ही फक्त उत्तर वाचा, प्रश्न मी सांगते. मी उत्तर वाचायचं, अमुक नस दबली, आणि तिनं सांगायचं की मग त्या माणसाला काय होईल, कुठे बधिर होईल, काय उचलता येणार नाही. आधी ती अडखळली, एकदा रडकुंडीला आली. पण दिवेलागणीपर्यंत तिची गाडी रुळावर आली होती. सुतार गेला, कारकून गेला, नुसती नस उरली. बऱ्याच दिवसांनी ती पोटभर जेवली. मला वाटलं, आपणही आयुष्यात कोणाला काही शिकवलं.

शनिवारी दुपारी चार वाजता मी नेहमीसारखे पलंगावर पाय लांब केले. ती म्हणाली, आज सगळं उतरत्या क्रमानं, बाबा. चिमट्यापासून सुरुवात.

मी डोळे मिटले. टण् झालं. दांडा अंगठ्याला टेकल्याचं कळलं.

"जाणवतंय," मी म्हणालो.

शाब्बासकी आली नाही. पुन्हा टण् झालं.

"जाणवतंय का?"

"हो तर. छान घुमतंय."

मग ती म्हणाली, "डोळे उघडा, बाबा."

मी उघडले. चिमट्याचा दांडा माझ्या अंगठ्यावर होता आणि त्याचे दोन्ही दात तिच्या मुठीत गच्च धरलेले होते. टण् वाजवून तिनं तो तिथल्या तिथे मुठीत धरून मुका केला होता, दोन्ही वेळा.

"रिकामं पारडं होतं," ती म्हणाली.

मला तोंड लपवायला जागा राहिली नाही. तिनं मला हाताला धरून उठवलं, पलंगापासून चांगली दूर, खोलीच्या मधोमध नेलं, पाय जुळवायला सांगितले आणि डोळे मिटायला सांगितले. मी मिटले, आणि लगेच तिच्या अंगावर कोसळलो. तिनं मला धरलं होतं म्हणून बरं. मग अंगठ्याची परीक्षा झाली, या वेळी तिच्या मनाला येईल तशी. मी सहा वेळा सांगितलं, सहात चार चुकलो.

तिनं हिला बाहेरून बोलावलं आणि शांतपणे एकेक विचारत गेली. चप्पल निघाली. ओली फरशी निघाली. मग विचारलं, बाबा पोटासाठी काही घेतात का? हिनं कपाटातून ती आम्लपित्ताच्या गोळ्यांची पाकिटं आणून ठेवली. मी त्या रोज उठल्या-उठल्या घ्यायचो. कधीपासून म्हणाल तर अकरा वर्षांपासून, आणि कोणालाही न विचारता. सूनबाईनं पाकीट हातात घेतलं आणि उलटवून मागचं नाव वाचलं. पोटातलं आम्लच कमी झालं की जीवनसत्त्व अन्नातून सुटत नाही आणि हमालाची पाठ रिकामीच राहते, ते मला आठवलं. ते तिनंच मला सांगितलं होतं, चार वेळा.

तासाभरात आम्ही तिच्या लॅबमध्ये होतो. माझं रक्त तिनंच काढलं. सुई कधी गेली कळलं नाही, आणि या वेळी कोणी विचारलं असतं तर मी खरंच सांगितलं असतं. मग तिच्या ओळखीनं लगेच नसांच्या डॉक्टरांकडे नंबर लागला. तिथे मात्र ती माझ्या खुर्चीमागे नुसती उभी होती. तिला सगळं माहीत होतं, कुठली तार झिजली तेही आणि औषध कोणतं तेही. पण चिठ्ठीवर दोन ओळी लिहायचा हक्क टेबलापलीकडच्या माणसाचा होता. डॉक्टरांनी मला तपासलं आणि विचारलं, हे आधी कोणाच्या लक्षात आलं? मी मागे बोट दाखवून म्हटलं, हिच्या. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण? ती म्हणाली, "सून."

डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. अजून सहा महिने गेले असते तर मी तुम्हाला काठी नाही, चाकाची खुर्ची लिहून दिली असती. आता इंजेक्शनं घ्यायची, आधी रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला, आणि त्या गोळ्या आजपासून बंद. बरंच परत येईल. सगळं येईलच असं नाही. पहिलं इंजेक्शन त्यांनी तिथेच दिलं.

संध्याकाळी लॅबमधून तिच्या मैत्रिणीचा फोन आला. ते जीवनसत्त्व असायला हवं त्याच्या निम्मंही नव्हतं, साखर ठीक होती, बाकी सगळं ठीक होतं. म्हणजे आजार तोच, आणि औषध असलेला. ही म्हणाली, मला वाटलं होतं मेंदूत काही निघतंय. मग तिनं मला अशा काही शिव्या दिल्या की त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. आमच्या सगळ्यांच्या जिवात जीव आला होता.

सूनबाईच्या सोडून. ती आत गेली आणि पुस्तकं दोरीनं बांधायला लागली.

मी दारात जाऊन उभा राहिलो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी सोमवारी जाणार नाही, बाबा."

कारण तिनंच सांगितलं. आठ महिने रोज एकाच माणसाला तपासलं, घरातल्या माणसाला. पुस्तकात लिहिलंय की चिमटा मधूनच मुका करून बघा, अंगठा उलटसुलट हलवा, पेशंटला कशाला टेकू देऊ नका. सगळं वाचलंय, खाली रेघा मारल्यात. आणि तुमचे पाय माझ्या हातात असताना तुमच्या तारा झिजत होत्या, मी वहीत खुणा करत होते. असल्या डॉक्टरला परवाना मिळू नये तेच बरं.

हे सगळं मी केलं होतं. तिचा अभ्यास बिघडू नये म्हणून थाप मारली होती आणि त्याच थापेनं तिला शेवटच्या पायरीवर तोंडघशी पाडलं होतं. मी पलंगावर बसलो आणि पहिल्यापासून सगळं कबूल केलं. टण् आवाज ऐकून कसं बोलायचो, क्रम कसा पाठ केला, पोटऱ्या कशा टेकवायचो. म्हटलं, जन्मभर लोकांचे काटे तपासत हिंडलो आणि घरात स्वतः खोटा काटा होऊन बसलो. यात तुझी चूक नाही.

"खोटा काटा ओळखणं हेच तर माझं काम होतं," ती म्हणाली.

याचं उत्तर दिलं हिनं. ही मघापासून दारामागे उभी राहून ऐकत होती. आत आली, बांधलेल्या पुस्तकांची दोरी सोडायला लागली आणि म्हणाली, "बेचाळीस वर्षं मी या माणसाच्या शेजारी आहे. चप्पल गळाली ती मी पाहिली, भिंतीवर आदळले ते मी पाहिलं, आणि मी हसत बसले. मला नाही ओळखता आला हा माणूस. तू आठ महिन्यांत ओळखलास. आता मुकाट्यानं परीक्षेला बस."

गाठ घट्ट बसली होती, हिच्या नखांना सुटेना. सूनबाई खाली वाकली आणि दोघींनी मिळून ती सोडवली.

सोमवारी मी तिच्याबरोबर गेलो. ही नको म्हणत होती, पण मी काठी घेतली आणि खाली बघत एकेक पाऊल टाकत गेलो. परीक्षेच्या इमारतीबाहेर एक बाक होता, त्यावर सहा तास बसलो. आजूबाजूला इतरांचे आईबाप, नवरे, बायका. सगळ्यांचे चेहरे ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसल्यासारखे. माझा चेहरा कसा होता माहीत नाही. मी आपला चपलेतल्या अंगठ्याकडे बघत तो वर-खाली करत होतो आणि न बघताही कळतंय का ते तपासत होतो.

ती बाहेर आली तेव्हा दमलेली होती, पण चालणं सरळ होतं. बाकावर माझ्या शेजारी बसली. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "तुमच्या पायांवर एकही प्रश्न आला नाही, बाबा."

मला राग आला. एवढं सगळं करून एकही नाही म्हणजे काय? ती हसायला लागली. शुक्रवारनंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. सांगत होती की बरेच प्रश्न नवे होते, आणि जिथे येत नव्हतं तिथे मनात आधी म्हटलं, येत नाही, आणि मग बसून विचार केला. याआधी दोन्ही वेळा असं केलं नव्हतं. येतंच आहे असं धरून खुणा करत सुटले होते.

निकाल पाच आठवड्यांनी लागला, सकाळी नऊच्या सुमाराला. तेव्हा ती लॅबमध्ये एका आजोबांच्या दंडाला पट्टा बांधत होती. खिशात फोन थरथरला. तिनं रक्त काढलं, कापूस दाबला, नळीवर चिठ्ठी लावली, आजोबांना चक्कर येत नाही ना विचारलं, आणि मगच फोन बघितला. हे तिनं आम्हाला दुपारी घरी आल्यावर सांगितलं, आधी आजोबांचं सगळं आणि शेवटी निकाल. पासाच्या वर एकवीस गुण. ही रडली. मी छताच्या पंख्याकडे बघत राहिलो, त्याचं एक पातं मला कधीचं वाकडं वाटत होतं. चिरंजीवांना जहाजावर फोन लागेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि लागला तेव्हा त्यांना इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येईना. सूनबाईला तीनदा मोठ्यानं सांगावं लागलं, मी पास झाले. मला वाटतं तिला ते तीनदा सांगायला आवडलं.

परवान्याचा कागद पुढच्या महिन्यात आला. त्या दिवशी दुपारी चार वाजता ती आत आली, हातात वही नव्हती, कोरा कागद होता.

"डोळे मिटा, बाबा."

मी म्हटलं, आता कशाला, परीक्षा झाली की. ती म्हणाली, तो सराव होता. मग तिनं कागदावर वर तारीख घातली, माझं वय लिहिलं, धंदा विचारला, जसा काही तिला माहीतच नव्हता. मी सांगितलं, वजनकाटे दुरुस्ती. तिनं तसं लिहिलं, आणि कागदाच्या खाली, जिथे डॉक्टरची सही येते, तिथे थोडी जागा सोडली.

मी डोळे मिटले. आत्तापर्यंत चौदा इंजेक्शनं झाली होती. काठी घरात लागत नव्हती, तोंड धुताना भिंत जागच्या जागी राहत होती. टण् झालं. दांडा उजव्या अंगठ्याला टेकला. मी वाट बघितली. पुन्हा बघितली. थंड स्टील तेवढं कळत होतं.

"नाही," मी म्हणालो.

पेन कागदावर चाललेलं ऐकू आलं. पुन्हा टण् झालं आणि दांडा घोट्याच्या हाडावर आला. आधी काही नाही, आणि मग अगदी खोल, बारीक, माशी दूर कुठे गुणगुणावी तसं काहीतरी हाडात सुरू झालं. मी श्वास धरला.

"आहे," मी म्हटलं. "आहे... अजून आहे... गेलं."

तिनं चिमटा माझ्या घोट्यावरून उचलला. मी डोळे उघडले. तिनं त्याचा दांडा आपल्या मनगटाच्या हाडावर टेकवला होता आणि आता ती डोळे मिटून बसली होती, माझं थांबलं तरी तिच्या हाडात अजून घुमतंय का ते बघत. थोड्या वेळानं तिनं डोळे उघडले.

"माझंही गेलंय," ती म्हणाली, आणि कागदावर लिहून खाली सही केली.